पांढरी फुलं फोटोत मळकी, निळसर किंवा सपाट येतात? एकच रंग ठेवण्याआधी हे तपासा

श्रावण लागला की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. सोसायटीच्या आवारातला प्राजक्त, गच्चीवरचा मोगरा, कुंपणापाशी पडलेला चाफा. बाकीचे रंग उतरवून फक्त केशरी देठ किंवा मधला पिवळा ठेवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "दादा, काहीतरी गंडलंय, पण काय ते कळत नाहीये." बहुतेक वेळा रंग ठेवण्याची पायरी ठीकठाक जमलेली असते. गंडलेलं असतं ते पांढरं. रंगीत फोटोत पांढऱ्यातला दोष खपून जातो, कारण शेजारी हिरवी पानं असतात आणि नजर तिकडे जाते. पानं करडी केली की पाकळीतली निळसर झाक लगेच डोळ्यांत येते आणि ती काढायला गेलं की देठाचा केशरीही बिघडतो.

म्हणून खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. आधी फुकटच्या, मग वेळ खाणाऱ्या, शेवटी पैसे लागणाऱ्या. मधल्या गाळून थेट एडिटिंगला बसलात तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

लक्षणं

- पाकळ्या राखाडी, धुरकट दिसतात.
- पाकळ्या पांढऱ्याफेक आहेत, पण शिरा, घडी, कड काहीच नाही. फूल कागद कापून चिकटवल्यासारखं.
- पाकळीवर निळी, हिरवट, पिवळट किंवा गुलाबी झाक आहे.
- ठेवलेला रंग पाकळीत सांडलाय किंवा त्याच्या कडेने करडी रेघ उमटलीय.
- तुमच्या फोनवर छान, दुसऱ्याच्या फोनवर किंवा प्रिंटमध्ये भलतंच.
- एकामागोमाग काढलेल्या फोटोंत उजेड कमी-जास्त होतो.
- प्रत्येक फोटोत त्याच जागी एक पुसट ठिपका आहे.

एकाच फोटोत यातली दोन-तीन लक्षणं असतातच. तरी सुरुवात पहिल्या तपासणीपासूनच करा.

आधी स्क्रीन आणि काच

फोटो रात्री पाहताय का? बऱ्याच फोनवर संध्याकाळनंतर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन आपोआप पिवळी होते. त्या स्क्रीनवर पांढरं दुरुस्त केलंत तर सकाळी फोटो निळा दिसणार, कारण नसलेला पिवळेपणा तुम्ही काढून टाकलेला असतो. तो मोड बंद करा. ब्राइटनेस ऑटोवरून काढून मधोमध ठेवा. खिडकीपाशी उन्हात बसून पांढऱ्याचा निवाडा करू नका.

मग लेन्स पुसा. चष्म्याच्या मऊ कापडाने, शर्टाच्या टोकाने नाही. फोनच्या लेन्सवर बोटाचं तेल बसलं की सगळ्यात आधी पांढऱ्याभोवती धूसर वलय येतं. गडद फुलात तेच तेल कळतही नाही. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला तर काचेवर बाष्प धरतं. थोडा वेळ थांबा, ते आपोआप उतरतं.

कॅमेरा असेल तर कालची सेटिंग्ज पाहून घ्या. घरातल्या बल्बसाठी लावलेला व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग पाहून पांढरं पांढरंच यावं म्हणून केलेली जुळवणी) तसाच राहिला असेल तर सकाळी बाहेर सगळं निळंशार येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याचा काटाही शून्यावर आहे ना ते पाहा. पिशवीत घासून ती चकती हमखास फिरते.

मग फूल

ही तपासणी कोणीच करत नाही, आणि पावसाळ्यात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पाकळीत पांढरं असं रंगद्रव्य नसतं. पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात, उजेड तिथे विखुरतो आणि पाकळी आपल्याला पांढरी दिसते. पाकळी चुरगळली किंवा पाणी आत मुरलं की त्या पोकळ्यांतली हवा जाते. मग उजेड विखुरण्याऐवजी आरपार जातो, पाकळी अर्धपारदर्शक होते आणि खालची ओली फरशी तिच्यातून दिसायला लागते. रात्रभराच्या पावसात पडलेला प्राजक्त म्हणूनच राखाडी दिसतो. तो खरोखरच राखाडी झालेला असतो. एक्स्पोजर वाढवून तो पांढरा होत नाही, फक्त फिकट राखाडी होतो.

प्राजक्त रात्री उमलतो, पहाटे गळतो आणि ऊन वर आलं की मान टाकतो. फटफटताना खाली उतरा. जमिनीवरचा सडा दिसायला सुंदर असतो, पण त्यातली बरीच फुलं माती लागलेली किंवा तुडवलेली असतात. झाडाखाली रात्रीच एखादं कोरडं सुती कापड अंथरून ठेवा, सकाळी कोरडी, अख्खी फुलं मिळतात. ज्यांच्या झाडाखाली अंथरणार त्यांना विचारून. आमच्याकडे फुलं वेचण्यावरून वरच्या आणि खालच्या मजल्यात अबोला आहे.

फूल पालथं करून पाहा. पाठीला तपकिरी डाग असेल तर पाठीमागून उजेड पडल्यावर तो पुढून दिसणारच. दुसरं घ्या.

उजेड आणि आजूबाजूचे रंग

पांढरी पाकळी शेजारचा प्रत्येक रंग अंगाला लावून घेते. मागच्या हिवाळ्यात एकांनी पाठवलेली पांढरी शेवंती एका बाजूने गुलाबी होती. व्हाइट बॅलन्स बदलून ते थकले, कारण गुलाबी काढला की दुसरी बाजू हिरवी होत होती. मी विचारलं, "अंगात काय घातलं होतं?" लाल कुर्ता. फुलाच्या वीतभर जवळ वाकल्यावर ऊन कुर्त्यावरून उलटून पाकळीवर पडत होतं. अर्ध्या पाकळीवरची झाक व्हाइट बॅलन्सने निघत नाही, कारण व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला एकच बदल लावतो. पांढरा, राखाडी किंवा काळा शर्ट घाला, काम झालं.

हेच झाडांच्या बाबतीत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या मोठ्या झाडांखाली दुपारी उजेड पानांतून गाळून येतो आणि तगरीचं फूल हिरवट दिसतं. फूल तिथून हलवता येत नसेल तर तुम्ही हला: झाडीच्या कडेला, जिथे उघडं आकाश दिसतं तिथलं फूल निवडा. पुष्पप्रदर्शनात मांडवाचं कापड रंगीत असेल तर मांडवाच्या तोंडाशी ठेवलेल्या कुंड्या बऱ्या.

कडक ऊन असेल तर फूल आणि सूर्य यांच्या मधे पांढरी ओढणी किंवा बटर पेपर धरा. सावलीत उलटी अडचण येते, सगळीकडून सारखाच उजेड आल्यामुळे पाकळीची कड हरवते. तेव्हा पांढरा थर्माकोल आणखी लावू नका, काळा कार्डपेपर लावा. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. फुलाच्या एका बाजूला, चौकटीच्या जेमतेम बाहेर उभा धरला की त्या बाजूच्या कडेला हलकी सावली येते आणि पाकळ्या एकमेकींपासून सुटतात. पांढरं दिसायला शेजारी थोडं काळं लागतं. हा कागद एडिटिंगचा अर्धा वेळ वाचवतो.

एक्स्पोजर

राखाडी पाकळ्या आणि सपाट पाकळ्या ही दोन उलटी लक्षणं, पण मूळ एकच. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फूल कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं यावं एवढंच तो पाहतो. मोगऱ्याच्या गजऱ्याने चौकट भरली तर मीटरला वाटतं उजेड फार आहे, तो कमी करतो, गजरा मळका येतो. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ते +१.७ लागतं. गडद पानांत एकटंच फूल असेल तर मीटर पानांकडे बघून उजेड वाढवतो आणि फूल जळतं. तिथे −०.७ ते −१. एकाच झाडाचे दोन फोटो आणि दोघांना उलट औषध, त्यामुळे "पांढऱ्याला नेहमी प्लस" हा ऐकीव नियम निम्म्या वेळा दगा देतो.

फोनवर फुलाच्या सगळ्यात उजळ पाकळीवर बोट टेकवा, दाबून धरून लॉक करा आणि उजेडाची खूण खाली सरकवा, पाकळीच्या शिरा दिसेपर्यंत. फोटो थोडा काळपट वाटला तरी चालेल. काळपट वर उचलता येतं, जळलेलं परत येत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते.

कॅमेऱ्यात जळलेला भाग लुकलुकणारा इशारा चालू करा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवी भिंत म्हणजे सगळ्यात उजळ) लाल-हिरवा-निळा असा तिन्ही वेगळा पाहा. एकत्र आलेख बरोबर दिसतो आणि लाल एकटाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो. प्राजक्ताच्या देठाचं असंच होतं: पाकळ्या वाचतात आणि देठाचा केशरी सपाट होतो. पुढे तोच एक रंग ठेवायचा असताना त्याच्यातच जान नसेल तर फोटोत उरलं काय? ० ते २५५ च्या मापात उजळ पाकळी २३५ ते २४५ च्या आसपास राहू द्या. २५५ फक्त दवाच्या थेंबावरच्या चमकेला.

कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्येच काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, रॉमध्ये १२ बिटला ४,०९६ आणि १४ बिटला १६,३८४. पांढऱ्यातले बारीक फरक सगळे वरच्या पायऱ्यांत दाटलेले असतात, त्यामुळे ही चैन नाही, गरज आहे.

व्हाइट बॅलन्स

सावलीतलं फूल निळं दिसतं कारण त्याच्यावर ऊन पडत नाही, निळ्या आकाशाचा उजेड पडतो. उन्हात ५,२०० ते ५,५०० केल्विन (व्हाइट बॅलन्सचा आकडा या मापात असतो) आणि मोकळ्या सावलीत ७,००० च्या पुढे, इथून सुरुवात करा.

अचूक हवं असेल तर ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) घ्या. फुलापाशी, त्याच उजेडात धरून एक फोटो काढा आणि एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (टेकवाल ती जागा बिनरंगी धरणारं साधन) त्या कार्डावर टेकवा. झेरॉक्सचा पांढरा कागद वापरू नका. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतात, आणि कागद बरोबर धरला की फूल पिवळं होतं.

पाकळीवरही ड्रॉपर टेकवू नका. अनंताचं फूल उमललं तेव्हा पांढरं, मग सायीच्या रंगाचं आणि शेवटी पिवळट होतं. निशिगंधाच्या कळ्यांना गुलाबी छटा असते, मोगऱ्याचा तळ हिरवट. या छटा म्हणजे दोष नव्हेत. ड्रॉपरने त्या पुसल्या की सगळी फुलं प्लास्टिकची दिसतात.

संध्याकाळी मंडईच्या बाजूला गजऱ्यांच्या टोपल्यांचे फोटो काढणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. एकीकडून मावळतीचा निळा उजेड, दुसरीकडून पिवळा किंवा पांढरा एलईडी. अशा मिश्र उजेडाला एकच आकडा सापडत नाही. गजरेवाल्या मावशींना विचारून टोपली दिव्याच्या बाजूला थोडी सरकवा किंवा स्वतःच्या अंगाने एक उजेड अडवा. त्यांचं गिऱ्हाईक खोळंबत असेल तर फोटो राहू दे.

फोटोफोटोत उजेड कमी-जास्त येण्याचं कारणही पुष्कळदा तिथेच असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५०० ठेवलं तर कधी तेज क्षण मिळतो, कधी मंद. १/१०० किंवा १/५० वर आणा. उजेड स्थिर झाला तर कॅमेरा ठीक आहे, दुरुस्तीला नेऊ नका.

आता रंग

इथवर आल्यावर निम्म्या लोकांना कळतं की फोटोतला रंग काढायची गरजच नव्हती. प्राजक्त स्वतःच पांढरा आणि केशरी आहे. काळपट फरशीवर नीट काढला तर आणखी काही करावं लागत नाही. पांढरी सदाफुली, मधे गुलाबी टिकली, तीही तशीच. तगरीत ठेवण्यासारखा रंगच नसतो, तिथे पानाची थोडी हिरवळ ठेवा. नसलेला रंग ब्रशने भरलेला लांबून ओळखू येतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो चाफा. पानं करडी करायची म्हणून लोक हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा जोर) पार उतरवतात आणि पानं तरी हिरवीच राहतात. कारण डोळ्याला जे हिरवं वाटतं त्यातला बराच भाग सॉफ्टवेअरच्या लेखी पिवळा असतो. मग पिवळ्याचा स्लायडर ओढला जातो, पानं करडी होतात आणि चाफ्याचा मधला पिवळाही त्यांच्याबरोबर जातो. स्लायडरला पान आणि फूल यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त रंग कळतो. इथे मास्क, म्हणजे बदल फोटोच्या कुठल्या भागात लागावा ते ठरवणारी निवड लागते. फुलाचा मास्क करा, उलटा करा, आणि सॅच्युरेशन फक्त बाहेरच्या भागात उतरवा.

प्राजक्तात ही भानगड कमी, कारण केशरी आणि पानांचा पिवळा-हिरवा लांब आहेत. हिरवा, पिवळा, निळा खाली, नारिंगी आणि लाल जागच्या जागी. बहुतेक काम तिथेच संपतं.

कुठलाही स्लायडर −१०० पर्यंत नेऊ नका. −६० ते −८० मध्ये थांबा. पूर्ण करड्या पानांवर केशरी देठ ठेवला की तो लग्नाच्या जुन्या अल्बममधल्या लाल गुलाबाच्या वळणावर जातो. पानांत हिरव्याची आठवण राहिली, त्यांचा उजेड थोडा कमी केला, की नजर आपसूक देठावर जाते आणि काय केलंय ते चटकन कळत नाही. स्नॅपसीडमध्ये कृष्णधवल फिल्टर लावून ब्रशने मूळ रंग परत आणत असाल तर ब्रश १०० वर न ठेवता ७५ वर ठेवा, पाकळीच्या तळाशी २५ वर.

पाकळीचा तो तळ महत्त्वाचा. प्राजक्ताच्या मधोमध केशरी वर्तुळ असतं आणि तो रंग पाकळ्यांच्या मुळाशी किंचित चढलेला असतो. मास्क वर्तुळाच्या कडेवर कापला की रंग वरून डकवल्यासारखा दिसतो. कड मऊ ठेवा, पाव पाकळीपर्यंत विरत जाऊ द्या. उलट रंग फारच लांब सांडला असेल तर फोटो जेपेग आहे का पाहा. जेपेगमध्ये रंगाची नोंद बहुधा उजेडाच्या नोंदीपेक्षा विरळ ठेवलेली असते, म्हणून बारीक कडेवर केशरी एक-दोन पिक्सेल बाहेर येतो आणि सॅच्युरेशन वाढवलं की तो दिसायला लागतो. कॅमेऱ्यातला एकच रंग ठेवणारा तयार मोड याच कारणासाठी मी वापरत नाही. तो जेपेगच देतो आणि मास्क आपल्या हातात राहत नाही.

सगळं झाल्यावर पाकळीत झाक उरलीच तर फोटोशॉपमध्ये सिलेक्टिव्ह कलर उघडून यादीतून व्हाइट्स निवडा. तिथले सायन, मजेंटा, पिवळा दोन-चार टक्क्यांनी हलवले की फक्त पांढरं बदलतं, देठाला धक्का लागत नाही.

पाठवताना आणि छापताना

एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीन धरून चालतात त्या रंगमापात) एक्स्पोर्ट करा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबलेल्या फाइलमध्ये पाकळीवर चौकोन पडतात. लॅबला सांगा की तुमचं ऑटो करेक्शन बंद ठेवा. ते चालू असेल तर यंत्र तुमच्या मवाळ पांढऱ्याला दोष समजून उजळवतं. मोठी प्रिंट काढण्याआधी ४×६ ची एक काढून दिवसाउजेडी पाहा. फोटोत जिथे २५५ आहे तिथे कागद कोराच राहतो, आणि फ्रेममध्ये ते भोक पडल्यासारखं दिसतं.

इथे थांबा

तिन्ही रंगांत जळलेली पाकळी कोणी परत आणू शकत नाही. एडिटरला पैसे देऊ नका, उद्या पहाटे पुन्हा जा.

ठिपक्यासाठी एफ/१६ वर (लेन्सचं छिद्र बारीक करून), फोकस मुद्दाम घालवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. ठिपका दिसला तर दुसरी लेन्स लावून पाहा. तो जागच्या जागी असेल तर धूळ सेन्सरवर आहे. मेनूतली सेन्सर सफाई चालवा, मग लेन्स काढून, कॅमेरा तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. एवढ्यावर तुमचं काम संपलं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट. कानातली काडी, कोलोन, चष्म्याचं पाणी यांपैकी काहीही आत नेऊ नका. सर्व्हिस सेंटरला द्या.

लेन्समधून टॉर्च मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आणि पांढऱ्या फुलांभोवतीचा धुरकटपणा तिचाच असू शकतो. लेन्स घरी उघडू नका. बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा आणि लवकर दुरुस्तीला न्या; बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि उशीर झाला तर साफ करूनही व्रण राहतो.

दिवसाच्या स्थिर उजेडात, ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोडमध्ये एकच सेटिंग ठेवूनही फोटो कमी-जास्त उजळ येत असतील तर एकदा छिद्र पूर्ण उघडं ठेवून तीच मालिका काढा. फरक नाहीसा झाला तर लेन्समधल्या पात्या अडकतायत असं समजा, राहिला तर शटरवर संशय घ्या. दोन्ही घरी होणारी कामं नाहीत. दुरुस्तीला देताना दोन्ही मालिका, भिंतीचा फोटो आणि ज्या लेन्सवर काढले ती लेन्स बरोबर द्या, म्हणजे काउंटरवर "आमच्याकडे तर बरोबर येतोय" हे ऐकून परत यावं लागत नाही.